तिसरी उसळी

सेसना १५२च्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक बारीकसं भोक असतं. उड्डाणाआधी विमानाला प्रदक्षिणा घालताना विद्यार्थ्याने त्यावर रुमाल धरायचा, तोंड लावायचं आणि हवा ओढून घ्यायची. पंखातून जत्रेतल्या पिपाणीसारखा आवाज आला की समजायचं, स्टॉल वॉर्निंग ठीक आहे. विमानाचा वेग उतरत उतरत पंख त्याचं वजन पेलेनासे होण्याच्या बेताला आले, पाच-दहा नॉट काय ते शिल्लक राहिले, की हीच पिपाणी आपली आपण वाजू लागते. दोन-तीन हजार फुटांवर ती अवचित वाजली तर पोटात गोळा येतो. धावपट्टीपासून हातभर उंचीवर वाजली तर मात्र शेजारी बसलेल्या इन्स्ट्रक्टरला बरं वाटतं. छोट्या विमानाचं चांगलं लँडिंग म्हणजे त्याला उडणं अशक्य होईपर्यंत टेकू द्यायचं नाही, इतकंच.

नव्या पोराला हे पहिल्यांदा सांगितलं की तो संशयाने बघतो. आपण उतरायला आलोय आणि हे सर सांगतायत, उतरू नकोस!

या पुस्तकातल्या बहुतेक हकिकतींचा उगम त्या संशयात आहे. शिकाऊ वैमानिकांच्या हातून बिघडलेली लँडिंग हा त्यांचा विषय. सांगणारे तीन तऱ्हांचे आहेत: ज्यांच्या हातून बिघडलं ते, जे शेजारी बसले होते किंवा खाली उभे राहून जीव मुठीत धरून बघत होते ते, आणि नंतर विमान उघडून नुकसान मोजणारे एएमई, म्हणजे देखभालीचे इंजिनिअर. माणसांची नावं, क्लबांची नावं, विमानांच्या अंगावरची नोंदणीची अक्षरं, सगळं काढून टाकलं आहे. धंद्यातल्या वाचकांनी ती शोधत बसू नये, ही विनंती. (बसतील, हे मला माहीत आहे. हँगरमध्ये गॉसिपला पेट्रोल लागत नाही.)

हस्तलिखित वाचून संपवलं तेव्हा एक गोष्ट नव्याने जाणवली. पहिल्या उसळीने विमान मोडत नाही. ती चूक असते, पण रोजची, धुतली की जाणारी. विमान मोडतं ते ती उसळी दाबून टाकायच्या धडपडीत, आणि बहुतेक वेळा तिसऱ्या खेपेला.

माझी तिसरी उसळी विदर्भातल्या एका धावपट्टीवरची. मे महिना, सकाळचे साडेदहा, सोलो होऊन जेमतेम आठवडा झालेला. एकट्याने उडायचं म्हणजे शेजारच्या सीटवरचे पंचाहत्तर-ऐंशी किलो कमी. पूर्ण भरलेल्या सेसना १५२चं वजनच मुळी ७५७ किलो, त्यातून एक माणूस वजा झाला की तेच विमान वेगळं वागू लागतं. वर चढताना हलकं वाटतं तेव्हा गंमत वाटते, उतरताना तोच हलकेपणा अंगाशी येतो. फायनलला, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत उतरत येताना, माझा वेग साठ नॉट हवा होता, तो सत्तरला होता. दहा नॉटचं काय मोठंसं, असं तेव्हा वाटलं. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, आणि साठाच्या जागी सत्तर म्हणजे ती छत्तीस टक्के जास्त. ती कुठेतरी जिरवावी लागते.

ती जिरेना. मी नाक उचललं, आणि विमान धावपट्टीच्या वर तीन-चार फुटांवरून तरंगत निघालं. धावपट्टीवरचे आकडे मागे गेले, जाड पांढरे पट्टे गेले, विंडसॉक गेला. पुढे अर्धीअधिक धावपट्टी शिल्लक होती, पण मला ती संपत आलेली दिसत होती. मी योक पुढे ढकललं. फार नाही, दोन बोटं. नाकाचं चाक आधी टेकलं, खाडकन आवाज झाला आणि नाक वर फेकलं गेलं. नाक वर गेलं की पंखांचा हवेशी कोन वाढतो, कोन वाढला की विमान पुन्हा उचललं जातं. डोळ्यांपुढे एकदम आकाश आलं म्हणून मी पुन्हा पुढे ढकललं. पण डोळ्याने बघून हाताने करेपर्यंत जो क्षण जातो तेवढ्यात विमान आपणहून खाली यायला निघालेलं होतं. माझा धक्का त्याच्या पडण्यात मिसळला. दुसरा आघात पहिल्याहून जोरात, म्हणून उसळी पहिल्याहून उंच. मग तिसरा. त्या वेळी नुसता खाडकन आवाज नव्हता, पत्र्याच्या पिंपावर कुणी पहार फिरवावी तसा घर्रर्र होता, आणि इंजिन थांबलं.

नंतरची शांतता मला अजून ऐकू येते. शांतता म्हणायची, पण पॅनेलमागचे जायरो फिरतच असतात. मिक्सर बंद केल्यावर त्याची घरघर उतरत जाते तशी ती उतरत गेली. मी मास्टर स्विच बंद केला, पट्टा सोडला आणि खाली उतरून पुढे जाऊन पाहिलं. प्रोपेलरची दोन्ही टोकं करंजीला मुरड घालावी तशी वळली होती. सेसनाच्या प्रोपेलरचं टोक आणि जमीन यांच्यात जेमतेम फूटभर अंतर असतं. नाकाच्या चाकाचा दांडा पूर्ण दबला की ते अंतर उरत नाही, एवढा साधा हिशेब.

सर स्कूटरवरून आले. "लागलं का रे?" एवढंच विचारलं. ऑफिसात विमानाची नोंद भरणाऱ्या कारकुनाने मात्र गंभीरपणे विचारलं, "लँडिंग किती लिहू? एक का तीन?" तो चेष्टा करत नव्हता. तो रकाना त्याला भरायचा होता.

संध्याकाळी सरांनी दुसरा प्रश्न विचारला. "पहिल्यांदा आपटलास तेव्हा उजवा हात कुठे होता?"

"थ्रॉटलवर, सर."

"मग?"

त्या 'मग?'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हात थ्रॉटलवर होता, थ्रॉटल पुढे सरकवलं असतं तर विमान पुन्हा उडालं असतं, आणि मी एक चक्कर मारून परत आलो असतो. पण चाकाला जमीन लागली होती ना! घोडं गंगेत न्हालं, असं माझ्या मनाने ठरवून टाकलं होतं. एकदा ते ठरलं की हात विमानाला वर न्यायचा विचारच करत नाही. तो त्याला खाली दाबत राहतो.

या घटनेला तांत्रिक नाव आहे, पॉर्पॉइझिंग. समुद्रातला पॉर्पॉइझ नावाचा प्राणी डॉल्फिनसारखा पाण्यावर येत-जात पोहतो, त्यावरून. विमान स्वतःहून असं करत नाही, चालवणारा आपल्या उशिरा येणाऱ्या हाताने त्याला करायला लावतो. योक स्थिर धरून नाक जरासं वर ठेवलं, लागली तर थोडी पॉवर दिली, तर छोटी उसळी बऱ्याचदा आपोआप शमते. मोठी असेल तर पूर्ण पॉवर देऊन वर जायचं. यातलं काहीही अवघड नाही. अवघड आहे ते दीड सेकंदात सुचणं.

वेळेचा हिशेब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. तीन अंशांच्या उतारावर साठ नॉटने येणारं विमान सेकंदाला साधारण पाच फूट खाली येत असतं. दहा-वीस फूट उरले की नाक हळूहळू उचलून हे पडणं मोडायचं. याला फ्लेअर म्हणतात, आणि तो जेमतेम चार-पाच सेकंदांचा खेळ. आपल्याकडे कमर्शियल लायसन्सला २०० तासांचं उड्डाण लागतं. तेवढ्यात कुणी सहाशे लँडिंग केली असं धरलं, तरी फ्लेअरचा एकूण सराव होतो पन्नास मिनिटांचा. पन्नास मिनिटं पेटी वाजवलेल्या माणसाला आपण मैफलीत बसवणार नाही. इथे मात्र एवढ्यावर भागवावं लागतं, आणि ती पन्नास मिनिटंही पाच-पाच सेकंदांच्या तुकड्यांत, मध्ये सहा-सहा मिनिटांची चक्कर, असं शिकावं लागतं. बिघडतं कसं, हा प्रश्न मला कधी पडत नाही. एवढी मुलं नीट उतरतात कशी, याचं नवल वाटतं.

यातला मोठा वाटा डोळ्यांचा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन दुसऱ्या महायुद्धात तिथल्या लष्करी हवाई दलासाठी वैमानिकांच्या नजरेचा अभ्यास करत होते. उतरताना समोरचं दृश्य एका बिंदूपासून चहूबाजूंना वाहत असतं, आणि तो न हलणारा बिंदू म्हणजे आपण जिथे निघालोय ती जागा, हे त्यांनी मांडलं. काचेत जी खूण वर सरकते तिच्या अलीकडे आपण पडणार, जी खाली सरकते तिच्या पलीकडे जाणार. विद्यार्थ्याला हे फळ्यावर दोन मिनिटांत समजतं आणि विमानात दोन महिने दिसत नाही. मग एका सकाळी अचानक दिसायला लागतं, आणि आधी दिसत नव्हतं यावर त्याचाच विश्वास बसत नाही.

हे डोळे सवयीचे गुलाम असतात. रुंद धावपट्टीवर शिकलेला मुलगा अरुंद पट्टीवर गेला की ती त्याला लांबची, म्हणजे आपण फार उंचावर आहोत अशी वाटते. तो नको इतका खाली येतो आणि फ्लेअरला उशीर करतो. उलट अरुंद पट्टीवर शिकलेला रुंद पट्टीवर दहा फूट उंचीवरच जमीन आली समजून नाक उचलतो, वेग संपवून बसतो आणि धपकन पडतो. एकट्याने केलेल्या पहिल्या दूरच्या उड्डाणांत परक्या विमानतळावरच्या ज्या फजित्या पुढे वाचायला मिळतील, त्यांतल्या निम्म्या या एका कारणाच्या आहेत.

उन्हाचंही सांगायला हवं, कारण परदेशी पुस्तकांत ते दोन ओळींत उरकलेलं असतं. नागपूर समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की तिथली हवा प्रमाण हवेच्या हिशेबात साडेचार-पाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. काटा साठ दाखवतो तेव्हा विमान प्रत्यक्षात चौसष्ट-पासष्टने धावत असतं. शिवाय तापलेल्या नांगरटीवरून आणि डांबरावरून वाफारे उठत असतात, ते विमानाला ऐन वेळी खालून टपली मारतात. कापसाच्या काळ्या रानावरून येताना मिळणारा झोका आणि लगेच पुढच्या तळ्यावर बसणारा खड्डा, हे तिथे शिकलेल्या प्रत्येकाच्या पाठीला पाठ असतं.

आणि मगाशी राहिलेली गोष्ट: जमिनीलगत वेग जिरत का नाही? विमान आपल्या पंखांच्या लांबीइतकं खाली आलं की पंखांच्या टोकांशी फिरणारे भोवरे जमिनीमुळे दबतात, विमानाला मागे ओढणारा रोध घटतो आणि ते हट्टाने तरंगत राहतं. पंखांच्या या गणिताचा पाया जर्मनीतल्या गॉटिंगेनच्या लुडविग प्रांटल यांनी घातला. त्यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेले एक विद्यार्थी आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले, डॉ. विष्णू माधव घाटगे. पुढे बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या हाताखाली एचटी-२ हे शिकाऊ विमान तयार झालं आणि १९५१ साली उडालं. १९५८मध्ये फ्लाइंग क्लबांसाठी पुष्पक आलं. हवाई दलातल्या आणि क्लबांतल्या कित्येक पिढ्या या दोन विमानांवर आपटत-आपटत शिकल्या.

दोन्ही विमानं शेपटीला चाक असलेली. अशा विमानात वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. म्हणजे उतरल्यावर विमान थोडं तिरकं झालं की शेपटीला पुढे यायची घाई होते, आणि पायाने रडर वेळेवर दाबला नाही तर विमान गर्रकन स्वतःभोवती फिरतं, एक पंख जमिनीला घासतं. याला ग्राउंड लूप म्हणत. माझे एक ज्येष्ठ सर पुष्पकवर शिकलेले. ते म्हणत, तुमचं सेसना म्हणजे तीनचाकी सायकल. लँडिंग झाल्यावर आम्ही विमान हँगरमध्ये लावून खुर्चीत बसेपर्यंत पाय रडरवरून काढत नव्हतो. पुढे चाक आल्यावर ग्राउंड लूप जवळपास गेले. पण खोडी गेली नाही, तिने फक्त जागा बदलली. पूर्वी शेपूट पळायची, आता नाक आपटतं.

आडव्या वाऱ्यातली लँडिंग हा वेगळा मोठा अध्याय आहे, आणि तो वाचकाने सलग वाचावा. इथे एवढंच सांगतो की सेसना १५२च्या पुस्तकात १२ नॉट आडव्या वाऱ्याचा आकडा असतो, तो विमानाची मर्यादा नाही आणि तुमची तर नाहीच. कंपनीच्या चाचणी वैमानिकाने तेवढ्या वाऱ्यात उतरून दाखवलं, एवढाच त्याचा अर्थ. बिघडतं बहुधा टेकल्यावर. वाऱ्याच्या बाजूला कललेला पंख मुलगा चाक लागताच सोडून देतो, वारा तो उचलतो आणि विमान गवतात जातं. पुन्हा तेच, घोडं गंगेत न्हालं.

आता ज्या गोष्टीसाठी ही प्रस्तावना लिहायला मी तयार झालो, ती. मुलं गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं, का करत नाहीत?

उत्तराचा एक भाग पैशाचा आहे आणि तो उघड बोलला जात नाही. उड्डाणाचा तासाचा दर पाच आकडी. एक जादा चक्कर म्हणजे तासाचा दहावा हिस्सा. बापाने शेत गहाण टाकून किंवा घरावर कर्ज काढून धाडलेल्या मुलाच्या डोक्यात हे मीटर सतत चालू असतं. दुसरा भाग लाजेचा. रेडिओवर 'गोइंग अराउंड' म्हटलेलं टॉवर ऐकतो, मागे रांगेत असलेली विमानं ऐकतात, आणि कँटीनमध्ये संध्याकाळी पोहे खाताना कुणीतरी ते काढतंच. तिसरा भाग आम्हा शिकवणाऱ्यांचा. आम्ही गो-अराउंड शिक्षेसारखा वापरतो. "असं येतात? जा वर!" असं ओरडून वर पाठवलेला मुलगा एकटा असताना आपणहून वर जाणार कशाला? शिवाय तो नीट शिकवावाही लागतो. फ्लॅप पूर्ण खाली, ट्रिम उतरण्यासाठी लावलेला, अशात एकदम पूर्ण पॉवर दिली की नाक जोरात वर उठतं. ते हाताने दाबून धरायचं आहे, कार्बोरेटर हीट बंद करायची आहे, फ्लॅप टप्प्याटप्प्याने घ्यायचे आहेत, हे अंगवळणी पडलेलं नसेल तर उसळीतून सुटलेला मुलगा स्टॉलमध्ये सापडतो. या पुस्तकात अशी एक हकिकत आहे. वाचवत नाही.

हा रोग शिकाऊंपुरता नाही. २३ मार्च २००९ रोजी टोकियोजवळच्या नारिता विमानतळावर एक मालवाहू एमडी-११ सोसाट्याच्या वाऱ्यात उतरताना उसळलं, पुन्हा टेकलं, पुन्हा उसळलं, आणि तिसऱ्या आघाताला डावा पंख मोडून उलटं होऊन पेटलं. दोन्ही अनुभवी वैमानिक गेले. आकार सोडला तर ते माझंच लँडिंग होतं. २२ मे २०१० च्या मंगळूरच्या अपघातात १५८ माणसं गेली. सहवैमानिकाने वर जाऊया म्हणून सांगितलं होतं, आणि तरीही विमान उतरवलं गेलं, हे चौकशीतून समोर आलं. तिथली कारणं वेगळी आणि बरीच गुंतागुंतीची होती. पण उतरायचं एकदा मनात ठरलं की वर जा सांगणारा आवाज कानात शिरत नाही, हे दुखणं तेच.

शेजारी बसणाऱ्याचीही बाजू पुढे आली आहे, आणि ती प्रामाणिकपणे आली आहे याचा मला आनंद वाटतो. इन्स्ट्रक्टरने आपले हात मांडीवर, सहज ठेवल्यासारखे दिसतील असे ठेवायचे असतात. लवकर 'आय हॅव कंट्रोल' म्हटलं तर मुलगा शिकत नाही, उशिरा म्हटलं तर विमान राहत नाही, आणि मधली जागा दर मुलागणिक वेगळी असते. माझ्या हातून ती दोनदा चुकली. दोन्ही वेळा मुलगा चांगला होता. वाईट मुलांबरोबर आपण जागे असतो.

एएमई मंडळींची प्रकरणं मी आधी वाचायला सुचवेन. प्रोपेलर जमिनीला लागला की इंजिन उतरवून आतून उघडून बघावं लागतं, बाहेरून काही दिसो न दिसो. ते निदान सगळ्यांना कळतं. न कळणारी गोष्ट म्हणजे लपवलेलं हार्ड लँडिंग. सेसनाच्या नाकाच्या चाकाचा भार इंजिनामागच्या पत्र्यावर, फायरवॉलवर येतो. मुलगा जोरात आपटतो, टॅक्सी करून परत येतो, वहीत काही लिहीत नाही. पत्र्याला बारीक सुरकुती पडलेली असते, एखाद्या रिव्हेटभोवती काळी ओघळ धरू लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तेच विमान घेऊन दुसरं पोर जातं. एका इंजिनिअरने लिहिलंय की तो विमानाआधी मुलांचे चेहरे बघतो. ज्याने आपटलंय तो उतरल्यावर नाकाच्या चाकाकडे न बघता निघून जातो.

लपवण्याचं कारण भीती, आणि ती शिक्षेने वाढते. आपल्याकडे २०१२ पासून विमान अपघात अन्वेषण ब्युरो आहे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे त्याच्या तपासाचा हेतू दोष वाटणं हा नसून पुढचा अपघात टाळणं हा असतो, आणि त्याचे अहवाल कुणालाही वाचता येतात. क्लबाच्या पातळीवर, सकाळच्या ब्रीफिंगमध्ये, कालचं आपटणं मोकळेपणाने सांगितलं जाईल असं वातावरण मी फार कमी ठिकाणी पाहिलं. या पुस्तकाने थोडी सुरुवात केली आहे.

एक आठवण सांगून थांबतो. यवतमाळकडची एक मुलगी, वडील एसटीत कंडक्टर. तिला पहिल्या सोलोला पाठवलं आणि मी धावपट्टीच्या कडेला हातात रेडिओ घेऊन उभा राहिलो. पहिली फायनल थोडी उंच होती. मी बटण दाबायच्या आतच तिचा आवाज आला, गोइंग अराउंड. दुसऱ्यांदा ठीक आली, पण तरंगू लागली, एकदा हलकी उसळली, आणि लगेच इंजिनाचा आवाज भरून आला. पुन्हा वर. माझ्या बाजूला उभी असलेली पोरं गप्प झाली. पहिल्या सोलोनंतर अंगावर ओतायच्या पाण्याच्या बादल्या भरून तयार होत्या, त्यातली एक कुणीतरी खाली ठेवली. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा टेकण्याच्या आधी पिपाणी वाजलेली मला कडेला उभं राहून ऐकू आली, किंवा तसं वाटलं. विमान पार्क करून, कुलूपपट्ट्या लावून ती चालत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. चेहरा पार उतरलेला.

"सर, ती दोन सर्किटं जास्त झाली. त्यांचे पैसे लागतील का?"

मी काही बोलायच्या आत मागून कुणीतरी बादली उलटी केली.